आपला संघ विश्वचषकात नसतो, मग चिडवायचं कशाच्या जोरावर?

डावा_बॅक

पवईतल्या आमच्या ऑफिसची मंडळी गेली तीन वर्षं दर गुरुवारी रात्री साडेनऊला चांदिवलीच्या एका टर्फवर खेळतात. सहा विरुद्ध सहा. निम्मे आपण, निम्मे कामासाठी दोन-तीन वर्षं मुंबईत आलेले परदेशी. त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही, गावाने मारतात. मँचेस्टर, म्युनिक (ही बाई आहे, आणि तिच्याइतका चांगला कीपर आमच्यात दुसरा नाही), नापोली, सोल आणि या पावसाळ्यात आलेला पर्थ.

खेळ तासाभराचा. त्यानंतर बाहेरच्या गाडीवर बुर्जीपाव आणि कटिंग घेऊन जी चिडवाचिडवी चालते ती मात्र बारापर्यंत. मँचेस्टरने १९६६ चा इंग्लंडचा विश्वचषक विजय काढला की म्युनिक उठून उभीच राहते. जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या हर्स्टचा चेंडू आडव्या दांडीला लागून खाली पडला, तो रेषेच्या आत होता की बाहेर, हे ती चहाच्या ग्लासांनी मांडून दाखवते. मग मँचेस्टर २०१० च्या विश्वचषकातला जर्मनीविरुद्धचा ब्लोमफाँटेनचा सामना काढतो. इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू उघड्या डोळ्यांना दिसेल इतका आत पडला होता, गोल दिला नाही, आणि इंग्लंड ४-१ ने हरलं. म्युनिक म्हणते, चव्वेचाळीस वर्षांनी उधारी फिटली. हा संवाद मी निदान पन्नास वेळा ऐकलाय आणि प्रत्येक वेळी तितक्याच आवडीने ऐकतो. नापोली आणि पर्थचं भांडण २००६ च्या विश्वचषकातल्या इटली-ऑस्ट्रेलिया सामन्याचं. शेवटच्या मिनिटाला ग्रोसो पडला, पेनल्टी मिळाली, टोट्टीने गोल मारला, ऑस्ट्रेलिया घरी. पर्थ तेव्हा शाळेत होता. त्या रात्री वडील पहिल्यांदा त्याच्यासमोर रडले, असं त्याने सांगितलं, तेव्हा नापोलीनेच त्याच्या खांद्यावर हात टाकला.

मूळ मुद्दा असा. महिन्यापूर्वी मी मध्ये काहीतरी बोललो, तर पर्थ हसत म्हणाला, "तुझा संघ तर विश्वचषकात कधी खेळलाच नाही. तू पंच हो." सगळे हसले, मीही हसलो. त्याच्या मनात काही नव्हतं, हे मला आजही पक्कं माहीत आहे. पण रिक्षाने घरी येताना ते वाक्य टोचायला लागलं, कारण ते खरं होतं.

त्या रात्री मी झोपलो नाही. सकाळी ग्रुपवर एकच ओळ टाकली: मेलबर्न, १ डिसेंबर १९५६, ऑलिंपिक उपांत्यपूर्व सामना, भारत ४, ऑस्ट्रेलिया २. त्यांच्याच देशात. आपल्या नेव्हिल डिसोझाची हॅटट्रिक, चौथा गोल किट्टूचा. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई.

पर्थचं उत्तर दोन मिनिटांत आलं: दोहा २०११, ४-०. अल रय्यान २०२४, २-०. दोन्ही आशियाई चषकातले, दोन्ही त्यांचे विजय. मग सोलही वादात पडला, तर त्याला मी १९६२ दिलं. जकार्ता, आशियाई खेळांचा अंतिम सामना, भारत २, दक्षिण कोरिया १. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग. डोक्याला टाके पडलेले असताना जर्नेलला पुढे खेळवलं आणि त्याने डोक्यानेच गोल केला. सोल म्हणाला, त्याच स्पर्धेत गटाच्या सामन्यात आम्ही तुम्हाला २-० ने हरवलं होतं ते सांग की.

आता गुरुवारी मलाही कुणीतरी चिडवतं, आणि मला ते फार आवडतं. पण एक प्रश्न सुटत नाही. सत्तर वर्षांपूर्वीचा विजय असा बाहेर काढावा का? परदेशी लोकांबरोबर काम करणाऱ्यांनी, बाहेर राहून आलेल्यांनी आपला अनुभव लिहावा.

कूपरेज_पूर्वस्टँड

अवश्य काढावा. मी आज ७४ वर्षांचा आहे. वडील गोदीत कामाला होते आणि रोव्हर्स कप (मुंबईतली जुनी फुटबॉल स्पर्धा) चुकवायचे नाहीत. नेव्हिलचा खेळ त्यांनी पाहिला होता. चेंडू त्याच्याकडे आला की कूपरेजवर लोक बोलणं थांबवायचे, असं ते सांगत. हे मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की आपणच पाहिलं असं वाटतं.

तुमच्या मँचेस्टरला एक गोष्ट सांगा. परदेशातून आलेल्यांनी मुंबईत फुटबॉल खेळायचं, ही चाल त्याच्याच लोकांनी पाडली. रोव्हर्स कप १८९१ चा. पहिला विजेता वूस्टरशायर रेजिमेंट, आणि पुढची कित्येक वर्षं कप गोऱ्या पलटणींकडेच. घरापासून हजारो मैल लांब आलेली ती पोरं, आपापल्या परगण्याच्या नावाने खेळणारी. त्यांच्यातही ही खेचाखेच चालतच असणार. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स संघाने तो कप नेला, पलटणीबाहेरचा तो पहिला भारतीय विजेता. कलकत्त्यात त्याआधीच, २९ जुलै १९११ ला, मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली होती. बागानचे एक सोडून बाकी सगळे अनवाणी होते. आपली चिडवाचिडवी तेव्हापासूनची आहे. उशिरा आलाय तो पर्थ.

एक दुरुस्तीही करतो, कारण हे तुम्हाला कधीतरी ऐकवलं जाणारच. १९५० च्या विश्वचषकाला भारताला जागा मिळाली होती, आपण गेलो नाही. अनवाणी खेळू देत नव्हते म्हणून गेलो नाही, असं सगळीकडे सांगतात. तसं नाही. आपल्या फुटबॉल चालकांना तेव्हा ऑलिंपिक मोठं वाटायचं आणि विश्वचषकाचं महत्त्वच कळलं नव्हतं. ती चूक माणसांची होती, पायांची नव्हे. कुणी बुटांवरून हसलं तर हे सांगा.

साधा_प्रश्न

धागा चांगला आहे, पण मला कडू बोलायचंय.

१ जून २०१८. अंधेरीचं स्टेडियम. भारत ५, चायनीज तैपेई (तैवानचा संघ) ०. सुनील छेत्रीची हॅटट्रिक. प्रेक्षक २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ टाकून हात जोडले: आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. देशाच्या कप्तानाला दोन कोटींच्या शहरात हे सांगावं लागलं. तुमचं टर्फ तिथून किती लांब आहे? १९५६ चे गोल पाठ आहेत, आनंद आहे. २०१८ ला कुठे होतात?

डावा_बॅक

@साधा_प्रश्न, खरं उत्तर देतो. १ जूनला मी घरी होतो. सामना आहे हेही मला माहीत नव्हतं. व्हिडिओ पाहिला आणि ४ जूनच्या केनियाच्या सामन्याचं तिकीट काढलं. छेत्रीचा शंभरावा सामना. धो धो पाऊस, मैदानात पाणी, चेंडू मध्येच थांबायचा. स्टेडियम भरलेलं. ३-० ने जिंकलो. शेजारी एक आजी प्लास्टिकची पिशवी डोक्याला बांधून दोन तास उभ्या होत्या, त्यांनी मला त्यांच्या डब्यातली चकली दिली. त्यानंतर अंधेरीतला भारताचा एकही सामना मी सोडलेला नाही. तुमचं म्हणणं मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

दोहा_ते_डोंबिवली

मी कतारमध्ये अकरा वर्षं काढली. २०२३ मध्ये कायमचा परत आलो.

तिथे ऑफिसात एक इजिप्तचा, एक मोरोक्कोचा, दोन फिलिपिनो, आणि बाकी आपले मल्याळी भाऊ. विश्वचषकाच्या आधी नोव्हेंबर २०२२ मध्ये मल्याळी पोरं अर्जेंटिना, ब्राझील, इंग्लंडचे शर्ट घालून ढोल वाजवत दोहाच्या रस्त्यावर मिरवणुका काढत होती. युरोपातल्या काही वर्तमानपत्रांनी आणि चाहत्यांनी लिहिलं की हे खोटे चाहते आहेत, पैसे देऊन आणलेत. भारतीय माणूस इंग्लंडसाठी कशाला नाचेल?

माझा रूममेट त्या मिरवणुकीत होता. कोझिकोडचा. पंधरा वर्षं बांधकामावर सुपरवायझर. त्याच्याच भागात, पुल्लावूरला, नदीत मेस्सी, नेमार आणि रोनाल्डोचे प्रचंड कटआउट उभे केले होते, त्याचे फोटो त्याने मला फोनवर दाखवले होते. तो १९८६ पासून अर्जेंटिनाचा. मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध एक गोल हाताने आणि एक अर्धं मैदान कापून केला, तो सामना त्याने गावच्या वाचनालयातल्या एकुलत्या टीव्हीवर पाहिला होता. त्याला कुणीतरी लंडनमधून सांगतंय की तू खोटा आहेस. इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच चिडलेलं पाहिलं. चिडणं आणि दुखावणं दोन्ही होतं त्यात. म्हणाला, "माझा देश खेळत नाही म्हणून मी एक देश निवडला. निवडलेला कमी असतो का?"

@डावा_बॅक, तुमच्या पर्थच्या वाक्याचं उत्तर मला वाटतं इथेच आहे. सौदीने अर्जेंटिनाला २-१ ने हरवलं त्या दिवशी आमच्या इजिप्तवाल्याने रूममेटच्या टेबलावर खजुरांचं खोकं ठेवलं आणि वर चिठ्ठी लावली: "सांत्वनासाठी". १८ डिसेंबरला फ्रान्सशी ३-३ आणि मग पेनल्टीवर ४-२ झाल्यावर रूममेटने तेच रिकामं खोकं जिलब्यांनी भरून परत दिलं. त्या चिठ्ठीला तो चिडला नाही, पण वर्तमानपत्राला चिडला, कारण इजिप्तवाल्याने त्याला अर्जेंटिनाचा मानलं होतं.

आणि हो, दोह्यात आपला संघही मी पाहिलाय. १० सप्टेंबर २०१९, आशिया विजेत्या कतारशी ०-०. गुरप्रीतने त्या रात्री काय काय अडवलं! स्टेडियममध्ये आपलीच माणसं जास्त वाटत होती. दुसऱ्या दिवशी कतारी साहेब मुद्दाम माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "तुमचा कीपर आम्हाला द्या." तो माझ्या नोकरीतला सर्वांत चांगला दिवस.

११ जून २०२४ चा कतारशीच झालेला सामना मात्र डोंबिवलीत पाहिला. छांगटेचा गोल, आपण पुढे, आणि मग सीमारेषेबाहेर गेलेला चेंडू परत ओढून त्यांनी गोल केला, पंचांनी तो दिला. २-१ ने हरलो, विश्वचषकाच्या पात्रता फेरीतून बाहेर. रात्री साहेबांचा मेसेज आला: "चेंडू बाहेर होता. आम्हालाही दिसलं." विजेत्याने असं लिहायला मन मोठं लागतं.

नेकारकाठ

वरचा प्रतिसाद वाचून लिहितेय. मी सहा वर्षं श्टुटगार्टला होते (मुंबईचं जुळं शहर, १९६८ पासून). आमच्या खालच्या मजल्यावर एक तुर्की कुटुंब राहायचं. आजोबा कामगार म्हणून आलेले, नातू तिथेच जन्मलेले. सामना असला की गॅलरीत दोन झेंडे लागायचे, एक तुर्कस्तानचा, एक जर्मनीचा. आजोबा सांगायचे, २००८ च्या युरोच्या (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या) उपांत्य सामन्यात जर्मनीने तुर्कस्तानला ३-२ ने हरवलं, त्या रात्री घरात अर्धे रडत होते आणि अर्धे हसावं की नाही या विचारात होते.

२०१८ मध्ये तुर्की वंशाच्या मेसुट ओझिलने जर्मनीचा संघ सोडला. जिंकलो की मी जर्मन, हरलो की परका, अशा अर्थाचं त्याने लिहिलं होतं. त्यानंतर खालच्या गॅलरीत काही महिने एकही झेंडा नव्हता. त्या मुलांच्या वर्गातले जर्मन मित्र पूर्वी जे बोलत तेच बोलत होते, पण आता ते ऐकायला वेगळं लागत होतं. मला वाटतं चिडवणं चालतं कारण समोरच्याला घर आहे हे दोघांनी धरलेलं असतं. त्याच्या घरालाच कुणी हात घातला की तोच शब्द शिवी होतो.

तुमच्या गुरुवारी कधी असं झालंय का? मँचेस्टर आणि म्युनिक म्हणजे जपून खेळायची जोडी आहे.

डावा_बॅक

@नेकारकाठ, झालंय. लिहावं की नाही कळत नव्हतं. दोघांना विचारून लिहितोय.

२०२४ च्या युरोच्या दिवसांत एकदा मँचेस्टर जिंकल्याच्या भरात एक गाणं गुणगुणायला लागला. दुसऱ्या महायुद्धात पाडलेल्या जर्मन विमानांवरचं गाणं आहे, त्यांचे चाहते स्टेडियममध्ये म्हणतात. त्यांच्याच फुटबॉल असोसिएशनने ते म्हणू नका असं सांगितलेलं आहे. आम्हा भारतीयांना ते काय आहे ते कळलंच नाही, आम्ही तालावर टाळ्या वाजवायला लागलो. म्युनिकने हातमोजे काढले, दांडीपाशी ठेवले आणि बाकावर जाऊन बसली. बोलली काहीच नाही. सामना थांबला.

मँचेस्टर तिच्याजवळ गेला. ती म्हणाली, "१९६६ वर हजार वेळा बोल. तो खेळ होता. माझी आजी बाँब पडत होते तेव्हा तळघरात होती." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुझीही असेल." त्याची होती. त्याने सांगितलं की मँचेस्टरवर बाँब पडले तेव्हा त्याची आजी सहा वर्षांची होती, आणि हे गाणं तिच्यासमोर म्हणायची त्याची कधी हिंमत झाली नसती. त्या रात्री बुर्जीपाव कुणी खाल्ला नाही, पण ते दोघं एकाच रिक्षाने गेले.

टाळ्या वाजवल्याचं मला अजून वाईट वाटतं. अर्थ माहीत नसला तर हात आवरावा, एवढं मी त्या दिवशी शिकलो.

त्याच वर्षी जुलैमध्ये अर्जेंटिनाने कोपा अमेरिका स्पर्धा जिंकल्यावर संघाच्या बसमधला व्हिडिओ आला, फ्रान्सच्या खेळाडूंच्या आफ्रिकी मुळांवरून गाणं म्हणतानाचा. त्यांच्या एन्झो फर्नांडेस या खेळाडूला माफी मागावी लागली. आमच्या ग्रुपवर तो फिरायच्या आधीच मँचेस्टरने लिहिलं, हा इथे नको. २०२१ मध्ये वेम्बलीत युरोच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध इंग्लंडच्या पेनल्टी हुकल्या आणि रॅशफर्ड, सँचो, साका या तिघांना त्यांच्या रंगावरून जे ऐकावं लागलं, ते त्याच्या स्वतःच्या शहरात त्याने पाहिलं होतं. रॅशफर्डचं भित्तिचित्र विद्रूप केलं होतं, ते झाकायला लोकांनी चिठ्ठ्या आणून चिकटवल्या. पुढच्या वेळी घरी गेला तेव्हा ती भिंत तो मुद्दाम बघून आला. वेम्बलीच्या त्या विजयावरून नापोली त्याला रोज छळतो, पण त्या तीन पेनल्टींबद्दल चकार शब्द काढत नाही.

इतिहास_शिकवते

१९६९ चं होंडुरास आणि एल साल्वाडोरचं उदाहरण इथे यायला हवं. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत तीन सामने झाले आणि महिन्याभरात चार दिवसांचं युद्ध. लोक त्याला फुटबॉलचं युद्ध म्हणतात, पण मूळ भांडण स्थलांतरितांचं होतं. सुमारे ३ लाख साल्वाडोरी लोक होंडुरासमध्ये जमीन कसत होते आणि त्यांना हुसकावणं सुरू झालं होतं. फुटबॉलने ते पेटवलं नाही, पेटलेलं सगळ्यांना दिसलं. विद्यार्थ्यांना मी हे शिकवते तेव्हा पहिला प्रश्न हाच येतो की गोल किती झाले. तिसरा सामना ३-२, एल साल्वाडोर.

माहीमची_पोरगी

एवढा मोठा धागा झाला आणि सगळे १९५६, १९६२, छेत्री. बायकांचा संघ कुणालाच आठवला नाही? @डावा_बॅक, तुमच्या संघातला सर्वांत चांगला कीपर बाई आहे असं पहिल्याच परिच्छेदात लिहिता, म्हणून विचारते.

जानेवारी २०२२ मध्ये महिलांचा आशियाई चषक इथे झाला. नवी मुंबई, अंधेरी, पुणे. आपल्या मुलींनी इराणशी ०-० केलं आणि पुढच्या सामन्याआधी संघात कोरोना पसरला, अकरा जणी उभ्या करता येईनात. स्पर्धेतून बाहेर, आपल्याच शहरात. मी तेव्हा वांद्र्याला एका क्लबात खेळत होते. बातमी आली त्या संध्याकाळी सरावाला आलेल्या आम्ही सातही जणी मैदानावर नुसत्या बसून राहिलो.

आता तुमच्या पर्थ आणि सोलसाठी: त्याच स्पर्धेत पुण्यात बालेवाडीला दक्षिण कोरियाने ऑस्ट्रेलियाला १-० ने बाहेर काढलं होतं. जी सो-युनचा गोल, लांबून मारलेला, कीपरला संधीच नाही. आणि अंतिम सामन्यात डी. वाय. पाटीलवर कोरिया २-० ने पुढे असताना चीनने ३-२ केलं. दोघांना दोन्ही सांगा.

आणि पुढचं, ज्यासाठी मी मुळात लिहायला बसले. ५ जुलै २०२५, चियांग माई. भारत २, थायलंड १. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून आपला महिला संघ आशियाई चषकाला जाण्याची ही पहिलीच वेळ. मार्च २०२६ मध्ये स्पर्धा कुठे आहे माहीत आहे ना? ऑस्ट्रेलियात. गट जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेईसोबत. सत्तर वर्षं मागे कशाला जाता?

साधा_प्रश्न

@माहीमची_पोरगी, हे मलाही लिहायला सुचलं नाही. धन्यवाद. तारखा कळल्या की इथे टाका.

कूपरेज_पूर्वस्टँड

मुलींचा संघ मी पाहिलेला नाही. नातीला विचारलं, ती म्हणाली आजोबा, मी लावून देते. मार्चमध्ये बघणार.

डावा_बॅक

@माहीमची_पोरगी, चूक मान्य. काल गुरुवार होता. तुमचा प्रतिसाद मी गाडीवर बसून सगळ्यांना इंग्रजीत वाचून दाखवला. बालेवाडीचं ऐकून सोल टुणकन उडाला, चीनचं ऐकून बसला. म्युनिक म्हणाली, "या मुलीला पुढच्या गुरुवारी बोलावून आण, मला पुढे खेळायचंय, कीपर तिला करू." तुम्ही कीपर आहात का ते मला माहीत नाही, पण निमंत्रण खरं आहे. चांदिवली, साडेनऊ, बिब आम्ही देतो.

पर्थ बराच वेळ गप्प होता. मग त्याने फोन काढला आणि आईला मेसेज केला. आई तिथेच राहते. तिला सांगितलंय की मार्चमध्ये भारताचा सामना शहरात असेल तर जायचं, आणि माझ्यासाठी निळा शर्ट घालायचा. माझ्याकडून त्याने एकच मागितलंय: त्याच रात्री ऑस्ट्रेलियाचा सामना असेल तर मी पिवळा घालायचा. मी हो म्हटलंय. पिवळा शर्ट माझ्याकडे नाही, शनिवारी क्रॉफर्ड मार्केटला जाणार आहे.